पेइशान बाईंची लाल बादली

इतकी भित्री बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही. पाल दिसली की खुर्चीवर, वीज कडाडली की कानांवर हात, मुख्याध्यापकांनी बोलावलं की घशाला कोरड. एकदा माझ्या स्वयंपाकघरात भाताच्या मोठ्या भांड्याची वाफ फस्सकन सुटली, तर ही मागे सरकता सरकता कोबीच्या टोपलीत जाऊन बसली. त्सेंग पेइशान तिचं नाव. आमच्या शाळेत चौथीचा वर्ग तिच्याकडे आहे. मी त्याच शाळेची स्वयंपाकीण, आचिन. तेवीस वर्षं साठ मुलांचं दुपारचं जेवण रांधते आहे आणि माझं तोंड फटकळ आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पेइशान आमच्याच गावची, माझ्यासमोर वाढलेली, म्हणून ती बाई झाली तरी मी तिला अगं-तुगंच करते. तोंडावर 'ससोबा' म्हणायचे. आता म्हणत नाही.

तिला एकच गोष्ट न घाबरता करता यायची, ती म्हणजे कचरा शिकवणं. वर्गाच्या खिडकीत तिने काचेच्या बरण्या ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीत ओली माती, आणि मातीत काचेला चिकटून एकेक वस्तू पुरलेली: केळ्याची साल, अंड्याचं टरफल, बांबूची जेवायची काडी, चहाचा चोथा, गोळीचा चकचकीत कागद. दर शुक्रवारी मुलं नाकं काचेला लावून बघायची आणि चित्र काढायची. केळ्याची साल महिन्यात काळी होऊन मातीत मिसळली. काडीला बुरशी धरली. गोळीचा कागद मात्र दीड वर्ष झालं तरी जसाच्या तसा.

"बाई, हा अजून कसा मेला नाही?" एकाने विचारलं होतं.

"हा आपल्या सगळ्यांच्या पाठी मरेल," पेइशान म्हणाली. "म्हणून गोळी खायच्या आधी दोनदा विचार करा."

मुलांनी विचार केला आणि गोळ्या खाल्ल्याच. पण कागद खिशात ठेवायला लागली, एवढं खरं.

आमच्या गावात कचऱ्याची गाडी बुधवारी आणि रविवारी येत नाही. रविवारचं उरलंसुरलं घरात वास मारत पडतं. यावर पेइशानने तोड काढली. सोमवारी मुलांनी घरचं खरकटं डब्यात घालून शाळेत आणायचं. माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी दोन बादल्या. हिरवीत कच्चं: साली, देठ, पानं, टरफलं. ते शाळेमागच्या खड्ड्यात, पालापाचोळ्याबरोबर, खत व्हायला. लालमध्ये शिजलेलं: भात, हाडं, माशाचे काटे, आमटी. ते आखुनच्या डुकरांना. आखुनचा डुकरांचा गोठा गावाबाहेर कालव्यापलीकडे आहे. तो सोमवारी आणि गुरुवारी जेवणानंतर निळी पिंपं घेऊन छोट्या ट्रकमधून यायचा, आमची लाल बादली रिकामी करायचा आणि माझ्या सुपाला नावं ठेवून जायचा. "आचिन, तुझं सूप माझी डुकरं हुंगतात आणि माझ्याकडे बघतात," म्हणायचा.

शिवाय प्रत्येक मुलाला एक वही होती, बादलीची वही. घरून काय आणलं, कुठल्या बादलीत टाकलं, का टाकलं, हे लिहायचं. पेइशानचा एकच दंडक होता: जे टाकलं तेच लिहायचं, वाईट दिसलं तरी. एका मुलाने लिहिलं होतं, "बाबांनी केलेला भात. खाली करपला होता, वर कच्चा होता. अर्धा लालमध्ये, अर्धा हिरवीत टाकला." त्या वह्या मी चोरून वाचायचे. गावात कोणाच्या घरी काय शिजतं आणि काय फुकट जातं ते मला तिथे कळायचं.

या सगळ्यात पहिला नंबर होता इछेनचा. नऊ वर्षांची, सडपातळ, कमी बोलणारी. बाप खडीचा ट्रक चालवतो, आठवड्यातून एकदा घरी. आई थुई व्हिएतनामची, लग्न होऊन आली त्याला दहा वर्षं झाली, आणि आपल्या बोलीत तिचं अजून कुठेतरी अडखळतं. पोरं त्यावरून इछेनला चिडवायची. पण चौथीत आली, बादल्या हाती आल्या आणि पोरीचं नशीब फिरलं. सहावीतली धटिंगण पोरंसुद्धा तिच्याकडे यायची, "इछेन, चहाची पिशवी कशात गं?" ती पिशवी फाडायची, चोथा हिरवीत, दोरा आणि पिन कचऱ्यात, आणि पिशवी हातात घेऊन दोन मिनिटं विचार करायची. ती विचार करत असताना सगळे गप्प उभे राहायचे.

त्या वर्षी नववर्षाची सुट्टी संपली तेव्हा टीव्हीवर रोज एकच बातमी होती. समुद्रापलीकडून डुकरांचा नवा ताप पसरत होता. माणसाला त्याचं काही होत नाही, पण डुकराला झाला की औषध नाही, लस नाही, सबंध गोठा जातो. तो मांसातून येतो, सॉसेजमधून, हॅममधून, नुसता वरवर शिजवलेला तुकडा असला तरी. विमानतळावर कुत्री लोकांच्या बॅगा हुंगत होती. आमच्या युनलिन जिल्ह्यात माणसांपेक्षा डुकरं जास्त. सगळ्या गोठ्यांच्या फाटकांवर पाट्या लागल्या, चुन्याचे पट्टे ओढले गेले, आणि चहाच्या टपरीवर लोक हळू आवाजात बोलायला लागले.

आणि आम्ही सोमवारी लाल बादली भरत होतो. कुणाच्याही डोक्यात आलं नाही. 'शिजलेलं ते डुकरांना' हे सहा वर्षं इतकं म्हटलं होतं की ते म्हणताना कुणी विचार करत नव्हतं. मीही नाही.

मंगळवार होता. जेवणं झाली होती, मुलं बाकांवर डोकी टेकून झोपली होती. मी मोठी भांडी घासत होते आणि पेइशान माझ्या टेबलाशी बसून वह्या तपासत होती. वही उघडायची, वाचायची, लाल शिक्का मारायचा, 'उत्कृष्ट'. शिक्क्याचा ठप ठप आवाज येत होता. मग तो थांबला. मी वळून पाहिलं तर तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"पाल आहे का?" मी विचारलं.

"मावशी, कालची लाल बादली गेली?"

"गेली की. आखुन कालच घेऊन गेला. का?"

तिने वही माझ्याकडे सरकवली. माझे हात ओले होते, मी वाकून वाचलं. इछेनचं अक्षर टपोरं. "नववर्षाला आईची बहीण व्हिएतनामहून आली. तिने केळीच्या पानात बांधलेले मांसाचे दोन रोल आणले. एक आम्ही खाल्ला. थोडा उरला, त्याला वास यायला लागला. पान कच्चं आहे म्हणून हिरव्या बादलीत. मांस शिजलेलं आहे म्हणून लाल बादलीत. दोरी प्लास्टिकची होती, ती वेगळी काढली." आणि खाली, अजून ओला, शिक्का: 'उत्कृष्ट'.

घासणी हातातून कधी गळून पडली कळलं नाही.

आता मी जे बोलले ते लिहायला लाज वाटते, पण पेइशानचा दंडक मलाही लागू आहे. मी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "हे पान फाड."

"मावशी!"

"फाड म्हणते ना. आखुन सगळं उकळून घालतो. तासभर उकळलं की काही उरत नाही, सरकारच सांगतं. उगाच बोभाटा कशाला? त्या थुईला धरतील. तुझी नोकरी जाईल. माझ्या मागच्या दाराशी बादली होती, मला काय सोडतील? फाड आणि गप्प बस."

वही छातीशी धरून ती संडासात गेली, आणि उलटी केल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. तोंड धुऊन परत आली तेव्हा म्हणाली, "दुपारी माझ्या वर्गाला इंग्रजीचे तास आहेत, ते दुसऱ्या बाई घेतात. तुमच्या स्कूटरवर मला थुईकडे न्याल? माझ्याच्याने चालवणार नाही."

मी तिला शिव्या घालतच स्कूटर काढली.

लसणाची काढणी चालू होती. थुई रस्त्यालगतच्या शेतात बसून पात कापत होती, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, नुसते डोळे दिसत होते. पेइशानने अडखळत, दोनदा पहिल्यापासून सुरू करत, काय झालं ते सांगितलं. थुईच्या हातातला कोयता मातीत पडला.

"बहिणीला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आईने दिलं, तिने बॅगेत टाकलं. कुणी बॅग उघडली नाही. बाई, मला परत पाठवणार? इछेन इथे, मी तिकडे, असं करणार?"

मला वाटलं, आता ही तरी म्हणेल की नाही हो, घाबरू नका. दुसरी कोणीही बाई म्हणाली असती. पेइशानला खोटं बोलायचीसुद्धा भीती वाटते.

"मला माहीत नाही," ती म्हणाली आणि रडायला लागली. "मला खरंच माहीत नाही. पण मी तुमच्याबरोबर येईन, जिथे बोलावतील तिथे."

थुईने मातीतला कोयता उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "दुसरा रोल आहे. फ्रीझरमध्ये. पूर्ण."

मी डोळ्यांनी खुणावलं, जाळून टाक. थुईने पाहिलं ते. तिने पेइशानकडे पाहिलं.

"तसाच राहू द्या," पेइशान म्हणाली. "हात लावू नका. त्यावरूनच कळेल."

तिथून आम्ही कालव्यापलीकडे गेलो. आखुनच्या फाटकाशी पेइशानने मला लांबच थांबवलं, चुन्याच्या पट्ट्याच्या अलीकडे. आतून डुकरांचा आवाज येत होता, नेहमीचाच, पण त्या दिवशी मी कान देऊन ऐकत होते की कुठलं कण्हत तर नाही ना. आखुन रबरी बूट घालून बाहेर आला.

"काय गं आचिन, सूप पोचवायला आलीस?"

पेइशानने फाटकाच्या गजांना धरलं आणि सगळं सांगितलं. आखुनचा चेहरा आधी लाल झाला, मग काळा.

"तू मला शिकवतेस? मी उकळतो! एक तास! रोज!"

"काल पण, काका?"

"काल पण!"

"पूर्ण तास?"

त्याने बुटाने चुना उकरला.

"जवळजवळ," तो म्हणाला.

"जवळजवळ म्हणजे किती हो?"

"अर्धा तास झाला आणि गॅस संपला. दुकानवाल्याला फोन लावला, तो म्हणाला उद्या. खदखदत होतं की! झाकण घातलं, म्हटलं वाफेवर शिजेल आतल्या आत. डुकरं ओरडत होती. घातलं." मग तो एकदम गजांपाशी आला. "हे तू ऐकलं नाहीस. कळलं? तू घरी जा. आचिन, ने हिला. दोनशे चौदा डुकरं आहेत माझी, अकरा गाभण आहेत. फोन केलास तर पांढरे कपडेवाले येतील आणि एका दिवसात खड्डा खणतील. असं झालेलं मी एकदा बघितलंय. तूही बघितलंयस. तुझ्या बापाचीही गेली होती."

गेली होती. बावीस वर्षांपूर्वी बेटभर लाळ्या-खुरकुताची साथ आली, तेव्हा आमच्या गावातलं एकही डुक्कर उरलं नव्हतं. पेइशान अकरा वर्षांची होती. त्यानंतर तिच्या बापाने पुन्हा डुक्कर पाळलं नाही, भाजीची गाडी हाकली आणि त्यातच म्हातारा होऊन गेला. एवढं आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

"काका," पेइशान म्हणाली. "आमची डुकरं पहिली आजारी पडली होती. गावात सगळ्यांच्या आधी. तीन दिवस बाबांनी कुणाला सांगितलं नाही. मला म्हणाले, शाळेत बोलायचं नाही, नाहीतर आपण रस्त्यावर येऊ. मी नाही बोलले. तिसऱ्या दिवशी तुम्ही आमच्याकडे पाण्याचा पंप मागायला आलात. गोठ्यातून आत आलात आणि गोठ्यातून परत गेलात. मी दारात उभी होते. मला सगळं कळत होतं. मी तुम्हाला 'काका, थांबा' म्हणाले नाही."

आखुन तिच्याकडे बघत राहिला. मी त्याला चाळीस वर्षं ओळखते, तो गप्प बसलेला मी फार वेळा पाहिलेला नाही. त्या साथीत डुकरं गेली त्या धक्क्याने याच्या बायकोने अंथरूण धरलं ते परत उठली नाही, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. मला वाटलं, आता हा फाटक उघडून हिच्या अंगावर येणार.

"तुझा बाप मला पंप द्यायला नको म्हणत होता," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, चिक्कू आहे."

त्याने बूट काढले, परत घातले, कशाला ते त्यालाच माहीत. मग म्हणाला, "लाव फोन. माझ्यासमोर लाव. अर्ध्या तासाचं पण सांग."

पेइशानने फोन काढला. जिल्ह्याच्या पशुरोग कार्यालयाचा नंबर फाटकावरच्या पाटीवर होता, पण तिची बोटं इतकी कापत होती की दोनदा चुकीचा लागला. तिसऱ्यांदा लागला. तिने स्वतःचं नाव सांगितलं, शाळेचं सांगितलं, आणि सगळं सांगितलं.

संध्याकाळच्या आत पांढरे कपडेवाले आले. गोठ्याला कुलूप, रस्त्यावर चुना, आखुन आतच अडकलेला. शाळेच्या दोन्ही बादल्या आणि खड्ड्यातलं केळीचं पानसुद्धा पिशव्यांत घालून नेलं. थुईने फ्रीझरमधला रोल स्वतः आणून त्यांच्या हातात दिला. तो देताना ती ताठ उभी होती, मात्र घरी गेल्यावर तिने दार लावून घेतलं. चौकशीला बोलावलं तेव्हा पेइशान तिच्या शेजारी बसली. दंडाची नोटीस निघाली ती बहिणीच्या नावावर, थुईला ताकीद देऊन सोडलं.

दोन दिवसांनी कार्यालयातून फोन आला. रोलमध्ये रोगाचा अंश सापडला होता.

म्हणजे तो खरोखर होता. आमच्या लाल बादलीत, माझ्या मागच्या दाराशी, तो खरोखर होता. हे कळल्यावर मला भांडं उचलवेना. आखुनच्या डुकरांचं रक्त तपासायला नेलं, ते पहिल्यांदा स्वच्छ निघालं, पण डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर काही सांगता येत नाही, तीन आठवडे नजर ठेवायची. एक जरी तापलं तरी सगळी मारावी लागतील, आणि आजूबाजूच्या गोठ्यांतलीही.

ते तीन आठवडे गावाने जीव मुठीत धरून काढले. लोक थुईला बघून रस्ता बदलायचे. भाजीवाली पेइशानला म्हणाली, "बाई, आता पोरांना कचरा नका शिकवू, नाहीतर आम्हालाच कचऱ्यात घालाल." मुख्याध्यापकांनी बरण्या खिडकीतून काढून कपाटात ठेवल्या. पेइशान वर्गात उभी राहायची, खडू हातात, आणि बाहेर गाडी वाजली की वाक्य अर्धंच सोडायची. चार वाजता शाळा सुटली की मी आखुनचा डबा घेऊन कालव्यावर जायचे आणि ती माझ्या पाठोपाठ यायची, काही न बोलता. फाटकाच्या अलीकडे डबा ठेवायचा आणि मागे सरकायचं. आखुन आतून यायचा, डबा घ्यायचा आणि ओरडायचा, "आज कुणी मेलं नाही!"

मग आम्ही परत फिरायचो. बस, एवढ्यासाठी आम्ही दिवसभर थांबलेल्या असायचो. एके दिवशी तो यायला उशीर झाला, पाच मिनिटं, दहा मिनिटं, आणि पेइशान रस्त्यावरच मटकन बसली. तो आला आणि म्हणाला की एक डुकरीण व्यायली, नऊ पिल्लं झाली, म्हणून हात धुवत होतो. मी त्याला तिथून अशी काही शिवी हासडली की कालव्यावरचे बगळे उडाले.

बाविसाव्या दिवशी कुलूप निघालं. शेवटचं रक्तही स्वच्छ होतं. डॉक्टर आखुनला म्हणाले, त्या अर्ध्या तासाच्या आगीने वाचवलं असेल किंवा नुसत्या नशिबाने, सांगता येत नाही. आणि हेही म्हणाले की ही गोष्ट लपली असती तर पुढच्या सोमवारी असाच दुसरा तुकडा आला असता, आणि गॅस काय, एकदाच संपतो का. आखुनने आमची बादली घेणं बंद केलं. आता नवी लाल बादली भरते ती गावच्या गाडीत जाते. माझा जीव भांड्यात पडला. पेइशानने त्या दिवशी माझ्या टेबलाशी बसून दोन वाट्या भात खाल्ला, रडत रडत.

एवढ्या भीतीत आम्ही एका माणसाशी बोलायचंच विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी जेवणात मासा होता, काटेरी. मुलं बशा परत आणून देत होती. इछेनची बशी आली ती अगदी चाटूनपुसून स्वच्छ. तीन आठवडे तिची बशी अशीच यायची, मला बरं वाटायचं, पोर नीट जेवते आहे म्हणून. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं.

"काय गं, काटे खाल्लेस का?"

ती मागे सरकली. दप्तर तिने दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. तेव्हा मला वास आला. पेइशान दारातच होती, तिलाही आला.

पेइशानने गुडघ्यांवर बसून हात पुढे केला. पोरीने खूप वेळाने दप्तर दिलं. आत पुस्तकांच्या मागे गाठ मारलेल्या छोट्या पिशव्या होत्या, पंधरा-सोळा. माशाचे काटे, संत्र्याच्या साली, कोंबडीची हाडं, भाताची लगदा झालेली काळी ढेकळं, त्यावर हिरवी केसाळ बुरशी. एकीत अळ्या वळवळत होत्या. प्रत्येक पिशवीवर तारीख घातली होती.

"कुठल्या बादलीत टाकू ते कळेना," इछेन म्हणाली. इतक्या दिवसांत मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकत होते. "चुकलं तर परत डुकरं मरतील. घरी टाकलं तर आई घाबरते."

मी नळ सोडून भांडी खळखळवत बसले.

पेइशानने सगळ्या पिशव्या जमिनीवर मांडल्या. मग म्हणाली, "इछेन, तू चुकली नव्हतीस. 'शिजलेलं ते लाल बादलीत' हे मी शिकवलं होतं. ते कुठून आलंय हे आधी विचारायचं, हे मी शिकवलंच नाही. तू अगदी मी शिकवलं तसं केलंस. चूक माझी होती. हे मी उद्या वर्गात सगळ्यांसमोर सांगणार आहे."

पेइशानने एक पिशवी सोडली, एक काटा उचलला आणि लाल बादलीवर हात धरला. हात तिथेच राहिला. मला वाटलं ती मुद्दाम थांबली आहे, पण नाही, तिची बोटं खरंच उघडत नव्हती.

"बाई, तुमचा हात कापतोय," इछेन म्हणाली.

"हो."

"तुम्हाला पण भीती वाटते?"

"रोज वाटते."

"त्या दिवशी फोन करताना पण वाटत होती?"

"खूप. वाटलं, तिथेच पडेन मी."

"मग केलात कसा?"

पेइशानने तिच्याकडे पाहिलं. "तशीच," ती म्हणाली. "घाबरत घाबरतच केला गं."

इछेन खाली बसली, सगळ्यात जुन्या तारखेची पिशवी तिने उचलली, गाठ दातांनी सोडली आणि बादलीवर धरली. तिचाही हात कापत होता. तिने पिशवी उलटी केली.